सगळ्या बँडची मिळून एक सुई

ज्या वाद्यात श्वास शिरत नाही त्याला आमच्या बँडमध्ये वाद्य समजण्याची पद्धत नव्हती. मी त्या बँडमध्ये एकोणीस वर्षे मोठा ढोल वाजवीत आलो आहे. अर्थात एकोणीस वर्षे मी तेथे असूनही नव्हतो. याचे मूळ एका प्रथेत आहे. कोणत्याही कार्यक्रमाच्या वा तालमीच्या प्रारंभी बँडमास्तर प्रत्येकाच्या वाद्यातून पहिला सूर स्वतः काढतात व मगच ते वाद्य त्याच्या हाती देतात. हिला पहिली फुंकर म्हणतात. बारा वाद्ये, बारा फुंकरा, आणि सर्वांत शेवटी मी. ढोलात फुंकणार कोठे? सबब सर्वजण मजला ‘कोरडे’ म्हणत.

हा बँड माझ्या सासऱ्यांनी उभा केला. चाळीस वर्षे त्यांनी ट्रंपेट फुंकला. आता त्यांची फुप्फुसे जुन्या भात्याप्रमाणे झाली होती. न्हाणीघरापर्यंत जाऊन आले तरी खुर्चीचा हात धरून पाच मिनिटे त्यांना धापा टाकीत बसावे लागे. त्यांची एकच इच्छा उरली होती: तरुणपणी स्वतः बांधलेली चाल ऐंशीव्या वाढदिवशी पूर्ण बँडने आपल्या दारात वाजवावी, आणि प्रथेप्रमाणे पहिला सूर आपण लावावा.

डॉक्टरांनी माझ्या पत्नीस बाजूला घेऊन सांगितले, “वाजवा खुशाल. पण यांना फ्लू झाला तर ते यातून उठतील असं मी सांगू शकत नाही. यांना लस दिली आहे, पण या वयात शरीर धडा सावकाश शिकतं, आणि अर्धवट शिकतं. म्हणून जे जवळ येणार त्या सगळ्यांनी घ्या. दोन आठवडे आधी.”

पत्नीने हा निरोप तिच्या थोरल्या बंधूंना, म्हणजेच विद्यमान बँडमास्तरांना, पोहोचविण्याचे काम माझ्यावर सोपविले. आमची तालमीची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. वाद्यांतील लाळ जमिनीवरच झटकण्याचा रिवाज असल्याने तेथील फरशीवर बारा ओले डाग कायमचे पडले आहेत. त्या डागांच्या मधोमध उभा राहून मी निरोप सांगितला.

“फुंकणाऱ्याच्या छातीत जंतू?” दादा छाती ठोकून म्हणाले. “अहो दाजी, इथून वारा सुटतो वारा! जंतूनं आत पाय ठेवायच्या आधी तो बाहेर. थेट लोकांच्यात!”

“म्हणून पहिल्या रांगेत कुणी बसत नाही होय?” क्लॅरिनेटवाला म्हणाला.

“तू गप रे. पण बाबांचा प्रश्न आहे, डॉक्टरचं मन मोडायला नको.” दादांनी डोळे मिटून विचार केला. “बँड म्हणजे काय? एक देह. आता देहाला सुई हातावर टोचतात. पायाला वेगळी टोचतात का?”

“नाही,” सर्वजण म्हणाले.

“कानाला?”

“नाही.”

“मग झालं तर! एकानं टोचून यायचं, बँडला लागू. दाजी, तुम्ही जा. तुमचा दंड जाड आहे, आणि तुमच्या छातीवाचून आमचं काही अडत नाही.”

या युक्तिवादात काहीतरी खोट आहे हे मजला जाणवले होते. परंतु वाचकहो, मी कबूल करतो, एकोणीस वर्षांत प्रथमच बँडने मजला आपला प्रतिनिधी नेमले होते. मी सोनेरी गुंड्यांचा गणवेश इस्त्री करून चढविला व आरोग्य केंद्रात गेलो.

तेथील परिचारिका वयाने प्रौढ व जिभेने तिखट होत्या. “फोनवर तेरा जण सांगितले होते. बाकीचे कुठायत?”

“मी सर्वांच्या वतीने उपस्थित आहे.”

“अस्सं? मग घरी सगळ्यांच्या वतीने जेवता का?”

मी बाही वर केली. त्यांनी दंडाला कापूस चोळीत जे सांगितले ते मी जन्मभर विसरणार नाही. आपल्या श्वासनळीत चिकट ओल असते, तिच्यात जंतू अडकतो. आणि खाली केसाहून बारीक लव असते, ती एका लयीत हलत ती घाण घशाकडे लोटीत राहते. लयीत! म्हणजे माझ्याही छातीत कोणीतरी अहोरात्र ताल धरून होते, आणि मी स्वतःस कोरडा समजत होतो.

“त्यातूनही जंतू निसटला तर?” मी विचारले.

“मग पांढऱ्या पेशी भिडतात. पण जंतू नवखा असला तर त्याच्या मापाचं हत्यार घडवायला त्यांना दिवस लागतात. तेवढ्यात तो धुमाकूळ घालून घेतो. मला सांगा, नवी चाल तुम्ही थेट मिरवणुकीत वाजवता?”

“छे छे! आधी तालीम.”

“ही तालीम. मेलेल्या जंतूचे तुकडे पेशींना दाखवायचे, त्यांनी ते पाठ करायचे. खरा आला की चाचपडणं नाही. हा जंतू दरसाल रूप बदलतो, म्हणून तालीमही दरसाल.”

“म्हणजे मजला फ्लू होणारच नाही?”

“होईलही. पण झाला तरी सहसा जोर कमी असतो. आणि एकानं तालीम केली म्हणून बाकीच्या बारा जणांना चाल येते का हो?”

हे वाक्य मी तोंडपाठ करून तालमीच्या खोलीत म्हणून दाखविले.

“कोरडे शिकून आले रे!” कोणीतरी ओरडले.

दादांनी माझी बाही वर करून सुईची खूण तपासली, सर्वांना दाखविली, आणि फळ्यावर खडूने लिहिले: ‘बँडचे लसीकरण पूर्ण.’ खाली तारीख घातली. घरी हे सांगताच पत्नी एवढेच म्हणाली, “दादाला समजावणं म्हणजे ढोलात फुंकणं.” दुसऱ्या दिवशी तिने त्यांना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी फळ्याचा हवाला दिला.

वाढदिवसाला तीन दिवस उरले असता दादांना शिंका सुरू झाल्या. “छाती साफ होतेय,” ते म्हणाले, आणि लाल नाकाने त्यांनी बारा वाद्यांत पहिली फुंकर घातली. रोज तालीम, रोज बारा फुंकरा. जंतूंना इतकी शिस्तबद्ध वाहतूक क्वचितच लाभली असेल. तिसऱ्या दिवशी संथ भागात क्लॅरिनेट खोकला, त्याला ट्रंपेटने साथ दिली, आणि मोठे पितळी वाद्य गळ्यात घेतलेला गृहस्थ आत सूर सोडण्याऐवजी आत शिंकला. ढोल तेवढा निरोगी होता.

वाढदिवशी मजला नुसती घशात खवखव होती. मी ढोल बांधून सासऱ्यांच्या दारी गेलो. ते उंबऱ्याआत खुर्चीत बसले होते. पांढरा सदरा, गुळगुळीत दाढी, मांडीवर दोन्ही हात. अंगणात बँड उभा राहिला. नऊच जण आले होते, आणि नऊही जणांचे डोळे पाणावलेले होते; शेजाऱ्यांना ते भक्तिभावाने वाटले. दादांचे कपाळ घामाने चमकत होते. त्यांनी ट्रंपेट ओठांना लावून सूर नीट लागतो का पाहिले, मध्येच खोकले, माउथपीस बाहीला पुसले आणि ट्रंपेट वडिलांपुढे धरण्यास निघाले.

“बाबा, पहिली फुंकर तुमची.”

सासऱ्यांनी हात पुढे केला.

त्या क्षणी मी काय विचार केला हे सांगता येत नाही. मी तोंड अंगणाकडे करून दारात आडवा उभा राहिलो. माझा ढोल त्या दाराएवढाच रुंद आहे.

“दाजी, बाजूला व्हा.”

“होत नाही.”

“अहो, प्रथा आहे!”

“तुम्हाला ताप आहे, दादा.”

“बँडला लस मिळाली आहे!”

“मला मिळाली आहे. बँडला नाही.”

एकोणीस वर्षांत मी इतके बोललो नव्हतो. दादा ढोलावरून हात लांबवू लागले, परंतु हात पुरेना. मागून सासऱ्यांचा बारीक आवाज आला, “जावईबापू, हलू नका. आणि तू रे, सूर धर. आठ मात्रा.”

दादांनी सूर धरला. मी ढोलावर हळूच मात्रा दिल्या. एक, दोन, तीन. चौथीला सूर फाटला आणि दादा गुडघ्यांवर हात टेकून असे खोकले की बाकीचे सगळे आपापला खोकला आवरून पाहत राहिले.

“घरी जा पोरांनो,” सासरे म्हणाले. “झोपा.”

“आणि तुमची चाल, बाबा?”

“चाल काय पळून जातेय? माझ्याच्यानं तर पळवत नाही.”

पत्नीने दार लावून घेतले. मीही जाण्यास निघालो तेव्हा खिडकीची काच आतून टकटकली. सासरे खुर्चीच्या हातावर बोटाने ताल देत होते. मी अंगणाच्या टोकाला जाऊन ती अख्खी चाल एकट्या ढोलावर वाजविली. सुरांच्या जागी मी शांतता ठेवली. त्या जागा त्यांचे ओठ भरीत होते. वाटेने जाणाऱ्या एकाने विचारले, “बाकीचे कुठे मेले?” तसे बोलू नये, परंतु त्या आठवड्यात बाकीचे खरोखर अर्धमेले होते. मी दीड दिवस अंथरुणात होतो. सासऱ्यांना एक शिंकही आली नाही.

महिन्याभराने बाराही जण आरोग्य केंद्रात रांगेने उभे राहिले. दादा अग्रभागी. लस टोचून होताच त्यांनी परिचारिकेचा हात अडविला. “सिस्टर, ती टाकू नका. आमच्यात मास्तरांचं झालं की तेच पुढे देतात.”

परिचारिकेने त्यांच्याकडे पाहिले, सुई डब्यात टाकली, झाकण लावले आणि माझ्याकडे वळून विचारले, “हे गृहस्थ तुमचे कोण?”

“मेव्हणे,” मी म्हणालो.

“बरं. पुढचा या. नवी सुई.”

त्यानंतर तिसऱ्या रविवारी कार्यक्रम झाला. प्रत्येकाने आपापल्या वाद्यात स्वतः फुंकले. दादांनी तोंड फिरवून घेतले, पण अडविले नाही. सासऱ्यांनी कपाटातून स्वतःचा जुना ट्रंपेट काढविला, तो माझ्या पत्नीने कढत पाण्याने धुऊन दिला. त्यांनी सूर लावला. आठ मात्रांचा सूर त्यांना दोनच मात्रा पुरला. उरलेल्या सहा मी ढोलावर दिल्या, आणि मग बँड सुरू झाला.