बुधवारची खोली

कंपाउंडरने वजनकाटा भिंतीपासून ओढून पुढे घेतला.

"चप्पल काढून उभी राहा, बाळा."

काटा बेचाळीसवर थांबला. मुलीला सातवा महिना होता. नव्या सिस्टरने आकडा लिहिला आणि कार्डावरचं वय पुन्हा वाचलं. सोळा.

"इतके महिने तपासणीला का नाही आलीस?"

मुलगी काट्यावरून उतरून चपला घालायला लागली.

"अगं, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

"इथं बोललं की वस्तीभर होतं," मुलगी म्हणाली. "मागच्या वर्षी मावशीवर विश्वास ठेवला. तिनं माझ्या बापाला सांगितलं."

कंपाउंडरने काटा परत भिंतीकडे ढकलला. मावशी म्हणजे त्याची बायको. बावीस वर्षं ती याच दवाखान्यात सिस्टर होती. चार महिन्यांपूर्वी तापाने गेली.

दर बुधवारी शाळा सुटली की मागची खोली फक्त मुलींसाठी, ही तिचीच कल्पना. रजिस्टरमध्ये नाव लिहायचं नाही, नुसता नंबर. पाळी, पोटदुखी, मूल कधी हवं, नको असेल तर काय करायचं, काहीही विचारा. पहिल्या महिन्यात तीन मुली आल्या. पुढे बाक पुरेनात, तेव्हा तिने घरची सतरंजी नेऊन अंथरली.

मुलीचा बाप इस्त्रीवाला. एकदा कपडे आणायला गेला असताना कंपाउंडर त्याला सहज म्हणाला होता, "पोरगी बुधवारी आमच्याकडे दिसली हो. वय नाजूक आहे, लक्ष असू द्या." आपलेपणानेच म्हणाला होता. त्या बुधवारी तिने नेलेल्या गोळ्या पोटदुखीच्या होत्या. त्यानेच खिडकीतून दिल्या होत्या. तेवढं सांगायचं राहिलं. इस्त्रीवाल्याने त्याचे आभार मानले. पंधरा दिवसांत मुलीची शाळा बंद झाली आणि दोन महिन्यांत लग्न लागलं. बुधवारची सतरंजी रिकामी राहायला लागली.

त्या दिवसांत बायकोने भाजी निवडता निवडता विचारलं होतं, "अहो, तुम्ही कुठं बोललात का?"

"मी कशाला बोलू?"

तिने मान हलवली आणि देठं गोळा केली. पुन्हा विचारलं नाही.

नव्या सिस्टरने पेन खाली ठेवलं होतं.

"तसं झालं असेल तर त्यांचं चुकलंच," ती मुलीला म्हणाली. "पण मी कुणाला सांगणार नाही. माझ्यावर तरी विश्वास ठेव. तुझं रक्त कमी आहे, अंगावर सूज आहे. तू बोलली नाहीस तर मला काही करता येणार नाही."

मुलीने डोळे पुसले. ती आता बोलेल असं वाटत होतं. कंपाउंडर गप्प राहिला असता तरी काम भागलं असतं. मेलेल्या माणसाचं काय जातं?

"तिनं नाही सांगितलं," तो म्हणाला. "मी सांगितलं."

नवी सिस्टर त्याच्याकडे बघतच राहिली.

"काका, तुम्ही?" मुलगी म्हणाली. "त्या दिवशी मी उन्हातून आले म्हणून तुम्ही मला पाणी दिलंत."

"हो."

"मावशीला माहीत होतं?"

"तिनं विचारलं होतं. मी नाही म्हणालो."

मुलगी पोटावर हात ठेवून हळूच स्टुलावर बसली.

"ती आमच्या दारात आली होती," ती म्हणाली. "मी आतून कडी लावली. नाही नाही ते बोलले तिला. ती बाहेरून नुसती म्हणत होती, पोटात दुखायचं थांबलं का गं?"

कंपाउंडरला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन ती एवढंच म्हणाली होती, की घरात कुणी नव्हतं.

मुलगी सिस्टरकडे वळली.

"मी सांगते सगळं. पण आधी यांना बाहेर जायला सांगा."

सिस्टरला सांगावं लागलं नाही. तो बाहेर आला आणि त्याने दार ओढून घेतलं. दाराला लागूनच बाक होता आणि त्यावर बायका बसल्या होत्या. त्यातली एक पुढे सरकली.

"काय हो कंपाउंडर, आत इस्त्रीवाल्याचीच पोर ना? काय झालंय तिला?"

"मी बघितलं नाही."

"अहो, आत्ता आतूनच आलात ना? डोळे काय घरी विसरलात?"

"हो, विसरलो," तो म्हणाला. "उठा जरा." त्या उठल्या तसा तो बाक दारापासून लांब ओढायला लागला.