पिवळ्या मातीपाशी थांबणारं फावडं

मित्रांनो, नाक मुरडू नका! मी एक जुनं फावडं आहे. पातं झिजून अर्धं राहिलंय, दांडा तीनदा बदललाय, पण अक्कल शाबूत आहे. लोहाराने मला ठोकून घडवलं आणि तळ्याचा गाळ उपसायला आत्याच्या हाती दिलं. सगळा गाव तिला आत्याच म्हणायचा.

दरवर्षी तळ्याचं पाणी एका कडेला गेलं की उघड्या पडलेल्या तळात आम्ही उतरायचो. वरचा काळा गाळ भुसभुशीत, तो शेतात जायचा. त्याखाली पिवळी चिकणमाती. ती माझ्या पात्याला चिकटली रे चिकटली की आत्या ओरडायची, "बास! हिच्याखाली वाळू आहे. ही फुटली तर तळं गळणार." मग कोणी एक घाव जास्त घालत नसे. गावाला दुसरं पाणी नव्हतंच.

पुढे आत्याचा भाचा गावचा कारभारी झाला. "जितकं खोल तितकं पाणी जास्त," म्हणत त्याने खोदायचं यंत्र आणलं. आत्या मला घेऊन यंत्रापुढे उभी राहिली. माझ्या पात्यावरची पिवळी माती तिने त्याच्या नाकाशी धरली.

"बाबा रे, थांब इथंच."

"आत्या, तुझं फावडं इंजिनिअर कधी झालं गं?"

सगळे खो खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्याला हाताला धरून बाजूला केलं आणि यंत्राने दोन पुरुष खोल खणलं.

पावसात तळं काठोकाठ भरलं. भाच्याने काठावर फोटो काढून घेतले. नवव्या दिवशी तळात नुसता चिखल होता. सगळं पाणी वाळूने गिळलं होतं. उन्हाळ्यापर्यंत एकेका घराला कुलूप लागत गेलं.

मग भाचा आत्याच्या उंबऱ्यावर येऊन बसला.

"आत्या, चुकलो. यावर काही उपाय?"

"आहे की. पिवळी माती अंथरायची, ओली करायची आणि सगळ्या गावाने आठ दिवस पायांनी तुडवायची. माझ्या आजीच्या वेळी तसंच केलं होतं. शंभर माणसं लागतात. गावात किती उरलीत?"

भाच्याने मान वर केली नाही. "आपल्याला धरून सात."

मित्रांनो, मी आता कोपऱ्यात गंजत पडलोय म्हणून रडत नाही. एवढंच सांगतो, जाणत्या माणसाला खणण्याआधी विचारा. नंतर विचारलंत तरी उत्तर मिळेल, पण ते करायला गाव उरलेला नसेल.