उलट्या बाजूचं कुंकू

आमचे वडील, दादा, गेल्यानंतर त्यांची ट्रंक उघडली, तेव्हा कंपनीच्या जुन्या कोटाखाली रुपयांचं गाठोडं निघालं. चांदीचे रुपये, इंग्रजी अमदानीतले. आम्हा भावंडांना त्यांची कल्पनाही नव्हती. माझा धाकटा भाऊ भीमराज एक रुपया उचलून हसला आणि मग हसायचा थांबला. रुपयाला कुंकू लागलेलं होतं. वाळून काळपट झालेलं, पण कुंकूच. दुसऱ्यालाही होतं. जो उचलावा त्याला होतं.

"म्हणजे म्हाताऱ्याचं लक्ष्मीपूजन चालूच होतं की," तो म्हणाला.

आई दारात उभी होती.

दादांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. घरातले देव त्यांनी आपल्या हातांनी भामा नदीत सोडले. पुढे पिंपरीत कारखान्यात लागल्यावर शेजारून सत्यनारायणाचा प्रसाद आला, तर हात जोडून परत करत. मला वाचायला शिकवलं ते बावीस प्रतिज्ञांच्या छापील कागदावरून. पुढे मी पुष्कळ वाचलं, आता शाळेत शिकवते. पण खरं आणि खोटं यांतला फरक मी त्या कागदावरच शिकले. तो माणूस आमच्यापासून लपवून कुंकू वाहत होता, हे मला पटेना, आणि गाठोडं तर समोर होतं. रडायला येई, तेही धड येईना. दादांचा चेहरा आठवायला गेलं की मध्ये ते डाग येत.

गाठोडं टेबलावर राहिलं तसं आईनं आपलं अंथरूण त्या खोलीतून काढलं आणि ऐन थंडीत बाहेर व्हरांड्यात टाकलं. कारण विचारलं तर म्हणाली, "आत लई माणसं झाल्यासारखं वाटतंय." घरात आम्ही तिघंच होतो.

ते ऐंशी सालचे सुरुवातीचे दिवस. चांदीचा भाव कधी नव्हे इतका चढला होता. भीमराज म्हणाला, "ताई, वितळवून टाकू. नाव नको नि डाग नको." त्याच्या कंपनीतल्या मित्रानं चाकणच्या चांदभाईंचं नाव सांगितलं. कांदाबाजाराजवळ त्यांचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं: कुलपं, घड्याळं, नाणी. मोडीच्या भावापेक्षा जास्त देतात म्हणे. आम्ही निघालो, तर कुठंही न जाणारी आई लुगडं बदलून पुढं उभी.

दुकानात कांद्याचा वास भरला होता. चांदभाईंनी टेबलावर फडकं पसरलं आणि एकेक रुपया काळ्या दगडावर वाजवून ठेवत गेले. आवाज स्वच्छ होता.

"राणीछाप. हाही राणीछाप. हा टकल्या राजा. वितळवायचं म्हणता, भाऊ? घरात लग्नकार्य निघालंय, का चांदीशी वैर आहे?"

"का, काय झालं?" भीमराजनं विचारलं.

"अहो, दोन भाव असतात. एक वजनाचा, एक वर्षाचा. बाजारात फिरलेला रुपया आधी नाकावर झिजतो. या राणीचं नाक बघा, माझ्या सुनेपेक्षा धारदार आहे. हा माल कुणी खर्चलेलाच नाही. वजनाच्या दीडपट तरी धरा."

मी म्हणाले, "कुंकवानं भाव कमी होतो का?"

"पूजेचं ना? निघेल ते." त्यांनी रुपया भिंगाखाली धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग दुसरा घेतला. "हे मात्र गमतीचं आहे, बाई. पूजेचे रुपये माझ्याकडे ढिगानं येतात. कुंकू राजाराणीच्या तोंडावर वाहतात. इथं तोंड कोरं, सगळं कुंकू उलट्या बाजूला. आणि खाली मेण. हे रुपये कशाला तरी चिकटवलेले होते. भिंतीला चिकटवत होते की काय तुमचे वडील?"

"कपाळाला," आई म्हणाली.

ती स्टुलावर बसली होती. रुपयांकडे न बघता, माझ्याकडे बघून बोलत होती.

"गावात मयत झालं की कपाळाला बंदा रुपया लावायचे. सरणावर ठेवायच्या आधी काढून भुईवर टाकायचे. आपल्या हातात कोण देणार? भुईवरनं उचलायचा हक्क आपला. कस्तुरे, तुझ्या आज्यानं, धोंडीबानं, उचलले हे. पाटलाचे, माळ्याचे, पोराबाळांचेबी. मयताचं कापडबी मिळायचं, ते नेसलं त्यानं. पर रुपया मोडला न्हाई कदी. मोडाया गेलं की त्या माणसाचं त्वांड दिसतं म्हणायचा."

चांदभाईंनी हातातला रुपया हळूच खाली ठेवला. मी टेबलाकडे बघत होते. रुपये ओळीनं मांडलेले होते, तोंडं वर करून, जशी निजवलेली माणसं.

"दादांना माहीत होतं?" मी विचारलं.

"देव सोडाया गेले तवा हे गाठोडंबी नेलं व्हतं त्यांनी. तसंच परत आणलं. म्हणले, हे काय देवाचे न्हाईत."

म्हणजे पूजा नव्हती. गेले कित्येक दिवस मला एवढंच ऐकायचं होतं. ते ऐकलं, आणि हलकं मात्र वाटलं नाही.

चांदभाईंनी उरलेले रुपये पुढं ओढले. शेवटचा दगडावर वाजला तो बद्द. "हा चांदीचा नाही. निकेलचा, आपल्या सरकारचा, तीन सिंहांचा. चुकून आला असेल. दुकानात चालतो अजून." त्यांनी तो उलटला. कणसं कोरलेल्या मागच्या बाजूला तसंच मेण होतं, तसंच कुंकू.

"त्यो धोंडीबाचा," आई म्हणाली.

"आजोबा बासष्ट साली गेले," मी म्हणाले. "तेव्हा दीक्षा झाली होती आपली."

"व्हय."

"मग दादांनी...?"

"समद्या गावाला लागला, बापालाच न्हाई लागला, म्हणले. लावलाबी त्यांनीच. मग काढून भुईवर टाकला, आणि वाकून उचलला. मी म्हणलं, टाकू तरी नगा. तर म्हणले, टाकल्याबिगर उचलायचा कसा."

चांदभाई हिशेबी माणूस होते, पण आवाज खाली आला होता. "मला काही अडचण नाही, बाई. मी घेतो. पेट्रोलचा बोळा फिरवला की सगळं साफ." त्यांनी कापूस काढलाही होता.

भीमराजनं रुपयांवर पंजा ठेवला. "राहू द्या."

"भाव उतरेल हं. हा चढ टिकणारा नाही."

"उतरू दे," तो म्हणाला आणि फडक्यावरचे रुपये एकेक उचलून पिशवीत ठेवू लागला. ओंजळीनं भरले असते तर लवकर झालं असतं.

परतीच्या एसटीत आई खिडकीशी, मी तिच्या शेजारी. पिशवी माझ्या मांडीवर होती. भीमराज पुढं उभा होता. भोसरी आली. मग मी विचारलं, कारण नंतर विचारणं झालं नसतं.

"आई, दादांना नेलं त्या दिवशी तू आत ट्रंकेपाशी का गेली होतीस? मला वाटलं, त्यांचा सदरा काढायला."

"रुपया काढाया."

"लावायचा होता?"

"मनात व्हतं. मेणबी घेतलं व्हतं हातात."

"मग?"

आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. बाहेर कंपनीच्या बसेस सुटल्या होत्या, त्यांची रांग लागली होती.

"मग तुमा दोघांकडं बघितलं," ती म्हणाली. "म्हणलं, लावला तर उचलाया ह्यांनाच वाकावं लागंल."