दोन्ही बाजूंनी उघडणारा ग्रंथ

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. पुस्तक म्हणू नका, मला राग येतो. मला दोन पहिली पानं आहेत! डावीकडून उघडलं तर इंग्रजीत शूर सरदारांच्या प्रेमकथा, उजवीकडून उघडलं तर अरबी आणि हिब्रू कविता. शंभर वर्षांपूर्वी डब्लिनच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. उलट्या दिशेनं अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता तिथला कारागीर असा वैतागला, की मला शिव्या देतच त्यानं पूर्ण केलं.

माझ्या पोटातली गोष्ट तर ऐका! आठ-नऊशे वर्षांपूर्वी स्पेनमध्ये मुसलमान कवी विरहाची गाणी रचत. शेजारचे ज्यू कवीही त्याच धर्तीवर हिब्रूत लिहू लागले. गंमत अशी, की गाणं सगळं भारदस्त भाषेत, पण शेवटच्या दोन ओळी पुष्कळदा एखाद्या साध्या मुलीच्या तोंडी, तिच्या घरच्या बोलीत! ही गाणी डोंगर ओलांडून फ्रान्सात गेली आणि सरदारांच्या प्रेमकथांत मिसळली, असं मला रचणाऱ्या पंडितांचं म्हणणं. बाकीचे पंडित त्यावर अजून भांडतात. भांडोत बापडे!

एकच सल होता. माझ्या शेवटच्या कवितेखाली बारीक टीप आहे : ‘शेवटच्या दोन ओळींची अक्षरं अरबी, भाषा अरबी नाही. अर्थ लागत नाही.’ पुढे अशा ओळींचा उलगडा झाला म्हणे, पण मला कोण सांगणार?

डब्लिनजवळच्या ओंगार वस्तीतल्या एक निवृत्त शिक्षिका दूर स्लायगो गावी बहिणीकडे राहायला गेल्या आणि जाताना पुस्तकांचं खोकं शेजारच्या वृंदाला देऊन गेल्या. त्यात मी होतो. वृंदा सॉफ्टवेअरमध्ये हुशार, पण शाळा सुरू होताना सगळ्या पुस्तकांना तपकिरी कव्हर घालायची सवय तिनं आयर्लंडमध्येही सोडली नव्हती. मुलीच्या पुस्तकांबरोबर तिनं मलाही कव्हर घातलं आणि माझं उजवीकडचं पहिलं पान चिकटपट्टीखाली दडपून टाकलं! वर लेबल. मग दोन वर्षं मी प्रेसमध्ये, म्हणजे तिकडच्या कपाटात, पडून होतो.

जानेवारी २०२१. शाळा बंद, वर्ग ऑनलाइन. वृंदाच्या मुलीचं नाव पूर्वी, वय पंधरा. तिला येत्या गुरुवारी वर्गात जुन्या प्रेमकथांवर पाच मिनिटं बोलायचं होतं. तिनं मला जरा चाळलं आणि बाजूला सारलं.

“इट्स ग्रँड, आई, बट हाफ ऑफ इट इजन्ट इव्हन इंग्लिश.”

वृंदा कपाट आवरत होती. “चॅरिटी शॉप्स तर बंद आहेत. शुक्रवारी ग्रीन बिनमध्ये टाकू सगळं.”

ग्रीन बिन म्हणजे रद्दी! 

वृंदाचे वडील पद्माकर परभणीहून दोन महिन्यांसाठी आले होते आणि टाळेबंदीत वर्षभर अडकले होते. ते मराठीत विचारायचे, नात इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि बोलणं तिथंच संपायचं. त्यांनी ढिगातून मला सहज उचललं आणि उजवीकडून उघडलं. चिकटपट्टी टर्रकन निघाली.

“अगं वृंदा, ह्याचं पहिलं पान इकडून असतंय. कव्हरखाली झाकून टाकलंस की!”

निजामाच्या काळात शाळेत उर्दू शिकलेले आजोबा! ते बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागले. “अर्थ नाही लागत मला, पण अक्षरं ओळखीची हायेत.” पानं उलटत उलटत ते शेवटच्या कवितेच्या शेवटच्या ओळींवर आले. “...कोराजोन...”

पूर्वी ताडकन उठली. “आजोबा, से दॅट अगेन! दॅट्स स्पॅनिश! इट मीन्स हार्ट!”

“काळीज म्हण त्याला,” आजोबा म्हणाले.

मित्रांनो, मला नाचता आलं असतं तर मी टेबलावर नाचलो असतो! तीन दिवस आजोबा वाचत होते आणि शाळेत स्पॅनिश शिकलेली पूर्वी अर्थ लावत होती. काही शब्द इंटरनेटवर सापडले, काही अंदाजानं.

गुरुवारी पडद्यावर चोवीस चेहरे होते. आजोबांनी कविता वाचली, पूर्वीनं इंग्रजीत सगळं समजावलं. शेवटच्या दोन ओळी मात्र ती अडखळत मराठीत बोलली : “आई, दार लावू नकोस. माझं काळीज अजून बाहेर आहे.”

वर्गात कुणालाच कळलं नाही. आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. शुक्रवारी रद्दीची गाडी आली आणि मला न घेताच गेली.

मित्रांनो, माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी असेल, तर फेकण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आणि सगळ्यांत लहान माणसाला शेजारी बसवून त्यांच्या हातात द्या. शंभर वर्षं मी त्या दोन ओळी पोटात घेऊन फिरलो, आणि त्या वाचायला एकाला अक्षरं येत होती, दुसरीला भाषा.