न टेकलेली पाठ

माझा धाकटा भाऊ घरात बबड्या आणि रिंगमध्ये पोलाद. दारातून आत येताना त्याला वाकावं लागायचं, आणि आई मात्र अजून त्याला ‘बबड्या, मफलर घेतलास का’ म्हणून विचारायची. तो ज्या कुस्तीच्या कंपनीत होता, त्याच कंपनीत मी माईकवर होते. दिवे मंद होतात, गाणं सुरू होतं आणि एक बाई ताणून ताणून पैलवानाचं नाव पुकारते ना, ती मी. लोकांना वाटतं, त्यात काय एवढं. एकदा करून बघा म्हणावं, दुसऱ्या नावाला घसा बसेल.

आमच्या कुस्त्या म्हणजे खेळ. कोण जिंकणार हे मालक दुपारीच सांगून मोकळे होतात. सगळं आधीच ठरलेलं असतं हे बघणाऱ्यांनाही ठाऊक असतं, तरी ओरडून ओरडून त्यांचे गळे सुजतात, कारण पडणं खरं असतं आणि मोडलेली बरगडीही खरीच असते. पोलाद आमच्याकडचा सगळ्यात मोठा तारा. त्याचं गाणं नुसतं वाजलं की पोरंटोरं खुर्च्यांवर चढायची. मला त्याचा अभिमान होता, आणि रागही यायचा, कारण घरी हा पठ्ठ्या स्वतःचा चहाचा कप विसळत नसे.

मग पलीकडच्या कंपनीनं त्याला बोलावलं. त्यांचं सभागृह मोठं, त्यांचे खेळ टीव्हीवर. "ताई, इथं मी मोठा आहे गं, पण इथं म्हणजे केवढं?" असं म्हणाला. करार असा होता की नाव, पोशाख आणि गाणं आमच्या कंपनीचं. तो जाणार तो नुसता अंगावरच्या कपड्यांनिशी. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. "लोक मला बघायला येतात, नावाला नाही," म्हणाला. शहाणाच होता मोठा.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कंपनी सोडून जाणाऱ्यानं शेवटची कुस्ती हरायची. मागे राहणाऱ्यांपैकी एकाला आपल्या छातीवर रेलू द्यायचं, पाठ टेकवायची, रेफरीनं तीन मोजायचे आणि मग निरोप घ्यायचा. बबड्याला जाड्याकडून हरायचं होतं. जाड्या म्हणजे आमच्याकडचा गुणी गडी, पण कुणाच्या खिजगणतीत नसलेला. त्या दिवशी त्याचं नशीब उघडायचं होतं. आणि आमच्या राजेसाहेबांनी काय करावं? आलेच नाहीत. "हरलेला माणूस घेऊन तिकडं काय करतील," म्हणून आदल्या दिवशीच बॅग भरून पसार. मालकांनी थयथयाट केला. जाड्या बिचारा पोशाख चढवून बाकावर बसून राहिला.

रेफरीकाका तेवढे चिडले नाहीत. त्यांची हयात या रिंगमध्ये तीन मोजण्यात गेली. निघताना मला म्हणाले, "पाठ टेकवून जायचं असतं गं. ती रीत उगाच नाही." मला वाटलं, म्हातारा माणूस, जुन्या गोष्टी धरून बसतो.

पुढच्या रविवारी खेळातली शेवटची कुस्ती जाड्याची आणि एका नवख्याची होती. जाड्या आधीच रिंगमध्ये उभा होता. दिवे मंद झाले, नवख्याचं नाव पुकारायला मी माईक तोंडाशी धरला, आणि इतक्या वर्षांची सवय, जिभेवर होतं तेच बाहेर पडलं. "पोलाद" म्हणून चांगलं लांबवून पुकारलं मी. साउंडवाल्याचंही तेच, त्याचा हात आपोआप त्या गाण्यावर गेला. मला ब्रह्मांड आठवलं. आता लोक खुर्च्या फेकणार आणि मालक मला कायमची घरी बसवणार. गाणं तसंच वाजत राहिलं. पडदा हलला आणि पोलाद बाहेर आला.

तोच काळा पोशाख, जो मी स्वतः घडी घालून कपाटात ठेवला होता. तीच चाल, डावा खांदा जरा खाली. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. मला आधी संतापच आला, की मेल्या, यायचं होतं तर बहिणीला सांगायला काय झालं होतं. मग तो माझ्या शेजारून रिंगमध्ये चढला. बबड्या चढताना दर वेळी मला डोळा मारायचा. यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यानं जाड्याला चीत केलं, हात वर केले आणि पडद्याआड गेला. मी धावत मागे गेले, तर टॉवेल घेऊन उभी असलेली पोशाखवाली मलाच विचारते, "अजून कुस्ती संपली नाही का? आत कुणीच आलं नाही." मी कपाट उघडलं. पोशाख घडीतच होता.

मी भावाला फोन लावला. तो दुसऱ्या शहरात होता, त्याचीही कुस्ती नुकतीच संपली होती. मागे त्यांच्या माईकवाल्याचा आवाज मला ऐकू येत होता. "बरी झाली," तो म्हणाला. "इकडचे लोक जरा थंड आहेत, एवढंच." मी जेवलास का एवढंच विचारून फोन ठेवला.

मालकांना सांगितलं तर ते डोळे मिचकावून हसले. "भाऊ गुपचूप येतो, गुपचूप जातो. पलीकडच्यांना कळू द्यायचं नाही, एवढं कळतं हो मला. तू आपली पुकारत राहा." मी एका रविवारी मुद्दामच पुकारलं नाही. तर लोकच पाय आपटून पुकारायला लागले, आणि पडदा हलला. म्हणजे माझ्या हातात काही उरलंच नव्हतं.

त्याच्याशी कुस्ती खेळलेला जाड्या मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "ताई, आम्ही मिठीत आलो की हळूच एकमेकांच्या कानात सांगतो, पुढचा डाव कुठला ते. हा बोलत नाही. पण मी मनात जे आणीन, तेच करतो. मी हरायचं मनात धरतो म्हणून मी हरतो." त्याच्या कपाळावर घाम होता. "परत मला त्याच्यापुढं देऊ नका म्हणावं मालकांना."

इकडे हा पोलाद जसा वाढत चालला, तसा तिकडे माझा भाऊ उणा होत चालला. नव्या कंपनीनं त्याचं नाव ठेवलं अग्निबाण. ऐकून मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. त्याची कुस्ती लागली की लोक खायला बाहेर पडायचे. पोस्टरसाठी काढलेले त्याचे फोटो हललेले यायचे, बाकीचे शेजारी स्वच्छ आणि हा पुसट. तिथला गेटवरचा माणूस रोज त्याला पास मागायचा आणि रोज नव्यानं विचारायचा, कोण आपण. सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला स्टँडवरून घेऊन आले. बसमध्ये कंडक्टरनं माझं तिकीट फाडलं आणि पुढे गेला. बबड्या पैसे हातात धरून बसला होता.

दार आईनं उघडलं. माझ्याकडे बघून हसली, त्याच्याकडे बघून पदर सारखा केला आणि म्हणाली, "मीटर बघायला आलात का? जिन्याखाली आहे."

तो खरंच जिन्याखाली जाऊन बसला. मी शेजारी बसले. एवढा मोठा गडी, गुडघे छातीशी घेऊन बसला होता. "ताई, तिथं मला कुणी बघतच नाही गं," म्हणाला. "शिव्या दिल्या तरी चालतील. बघतच नाहीत." मला भडभडून आलं. लहानपणी त्याला कुणी हात लावला तर मी त्या पोराच्या घरी जाऊन भांडायचे. आता भांडायला जायचं कुणाच्या घरी?

दर रविवारी पडद्यातून कोण येतं ते वाटेत सांगत मी त्याला रेफरीकाकांकडे घेऊन गेले. काका त्याच्याकडे बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिले, तेव्हा कुठे त्यांना तो दिसला. "तू पाठ टेकवली नाहीस," काका म्हणाले. "म्हणून ते तिथं उभंच राहिलंय. त्याची पाठ तूच टेकव. तीन मोजायला मी आहे."

जाड्यानं सांगितलेलं मी बबड्याला सांगितलं. तो समोरच्याच्या मनातलं करतो, म्हणून मनात दुसरं काही आणू नकोस. तू जिंकणार, तो पडणार, बस. "एवढंच ना," तो म्हणाला. कितीतरी महिन्यांनी त्याचा चेहरा मला नीट दिसला. मालकांना सांगितलं की एक अनोळखी गडी पोलादला आव्हान देतोय. त्यांना काय, पोलाद त्याला लोळवणार आणि लोक टाळ्या वाजवणार. त्यांनी लगेच होकार दिला.

रविवारी संध्याकाळी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. बबड्या साध्या चड्डीत रिंगमध्ये उभा राहिला, तर पुढच्या रांगेतली माणसं तो तिथं नसल्यासारखी त्याच्या आरपार पडद्याकडे बघत होती. मग गाणं वाजलं आणि तो आला. दोघे समोरासमोर उभे राहिले. तेच अंग, तेच केस. कुणालाच ते चमत्कारिक वाटलं नाही, कारण सगळे एकालाच बघत होते. मला मात्र दोघे दिसत होते.

सुरुवात आम्ही ठरवली तशीच झाली. बबड्यानं त्याला उचलला, आपटला, दोरावर फेकला. तो प्रत्येक वेळी बरोबर तिथंच पडत होता जिथं पडायला हवं. एकदा तर त्याची पाठ टेकली, काकांचा हात जमिनीवर पडला, एक. सभागृह चिडीचूप झालं. आणि मागून कुठून तरी एक बारीक आवाज आला, "पोलाद." मग दुसरा, मग सगळ्या रांगा पाय आपटायला लागल्या. बबड्यानं मान वर करून लोकांकडे बघितलं. मग आपल्या खाली पडलेल्या पोलादकडे बघितलं. आई झोपलेल्या लेकराकडे बघते ना, तसं. आणि मी बघितलं, बबड्याचेही ओठ हलत होते. माझा भाऊ लोकांबरोबर त्याचंच नाव पुकारत होता.

खालचा वळला. अगदी सहज, अंथरुणात कूस बदलावी तसा. आता बबड्या खाली होता.

काकांनी एक मोजला. दोन मोजले. तिसऱ्याला त्यांनी हात वर धरून ठेवला, कुठल्याही रेफरीनं कधी धरला नसेल इतका वेळ. नुसता एक खांदा उचलला असता तरी मोजणी मोडली असती. मी माईक खाली टाकून रिंगच्या कडेला धावले. "खांदा उचल, गाढवा," मी ओरडले. "बबड्या, खांदा उचल." त्याला ऐकू आलं. त्यानं माझ्याकडे बघून डोळा मारला आणि मान मागे टाकली. इतका समाधानी मी त्याला कधीच बघितला नव्हता. काकांचा हात खाली आला.

रिंगमध्ये एकच माणूस उठला. खाली दुसरं कुणी नव्हतंच. काकांनी उठलेल्याचा हात वर धरला. माझ्या हातात कुणीतरी माईक आणून दिला आणि मी विजेत्याचं नाव पुकारलं. न पुकारून काय करणार होते?

त्या दिवशी तो पहिल्यांदाच पडद्यामागे आला. पोशाखवालीनं त्याचा घाम पुसला, खराखुरा घाम. मी पुढे चालू लागले तर तो माझ्या मागे आला. मला वाटलं, काकांचं खरं असेल. पाठ कुणाचीही असो, टेकली एकदाची. माझा भाऊ परत आला.

आईनं दारातच त्याचा चेहरा कुरवाळला. "आलास रे बाबा," म्हणाली आणि रडली. शेजारणीही डोकावून गेल्या. आईनं ताटं वाढली. "बबड्या, चल जेवायला." तो खोलीच्या मधोमध भिंतीकडे बघत उभा होता. "बबड्या, गार होतंय." मी त्याचा हात धरून ओढला, नुसता दगड. आई माझ्याकडे बघायला लागली. शेवटी मी उभी राहिले, छाती भरून घेतली आणि सभागृहात पुकारते तसं पुकारलं. तो येऊन ताटावर बसला.

आता आमचं बरं चाललंय म्हणतात सगळे. कंपनी जोरात आहे, भिंतीभिंतीवर त्याची पोस्टरं आहेत. आईला आधी जरा विचित्र वाटलं, मग सवय झाली. तीही स्वयंपाकघरातून पोलाद म्हणून हाक मारते, आणि आवाज लांबवायला गेली की तिला ठसका लागतो. मी अजून रोज सकाळी त्याच्यापुढं चहा ठेवते आणि कानाशी जाऊन हळूच बबड्या म्हणते. तो चहा पितो आणि कप विसळून जागेवर ठेवतो. परवा आईनं ते ऐकलं. भाजी निवडता निवडता तिनं सहज विचारलं, "अगं, बबड्या कोण?"