विरजण मागायला

माणसं उगाच चांगली वागत नाहीत, हे माझं मत लग्नाआधीपासूनचं आहे. साखर कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढले मी. एका भिंतीला दोन घरं. आमच्याकडे मटण शिजलं की पलीकडच्या काकू 'सहज' यायच्या, आणि माझं पहिलं स्थळ मोडलं तेही असंच कुणीतरी 'सहज' काहीतरी सांगितल्यामुळे. म्हणून घर घ्यायचं ठरलं तेव्हा मी नवऱ्याला, भागवतला, स्पष्ट सांगितलं की मला घर मोठं हवं आणि शेजारी लांब हवेत.

राहुरीत दोन घरं नजरेत होती, किमतीला जवळजवळ सारखीच. एक कालव्यापलीकडच्या नव्या कॉलनीत. चार खोल्या, वर गच्ची, भोवती कंपाउंड, बेलला कॅमेरा. दुसरं गावातल्या जुन्या गल्लीत, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिथे समोरच्यांनी भाजीला फोडणी दिली की ठसका आपल्याला लागणार. माझ्या दृष्टीने यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच.

अडत होतं ते सासूबाईंपाशी. सासरे गेल्यावर भागूबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पुणतांब्याहून आमच्याकडे आल्या आणि गेल्या दिवाळीपासून त्यांना मध्येच चक्कर यायला लागली. डॉक्टर म्हणाले, यांना एकटं ठेवू नका. मी शाळेत शिकवायला, भागवत ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये, मग दिवसभर त्यांच्याजवळ राहणार कोण?

"गल्लीत निदान माणसं आहेत," भागवत म्हणायचा.

"माणसं आहेत म्हणूनच नको," मी म्हणायचे.

बाई ठेवू, गळ्यात मोबाईल अडकवू, असं माझं चाललेलं. सासूबाई मात्र चकार शब्द बोलत नव्हत्या. आणि त्या गप्प बसल्या की मला जास्त संशय येतो.

अशात एका सोमवारी रात्री भांडी लावताना एक स्टीलची वाटी हाताला लागली. आमची नव्हती. कडेला नाव कोरलेलं होतं, रेश्मा. आमच्या सात पिढ्यांत कुणी रेश्मा नाही.

"आई, ही वाटी कुणाची?"

"आसंल कुनाची तरी," त्या लसूण सोलत म्हणाल्या. "मिसळली आसंल."

वाटीला काय पाय फुटले होते? पण मी वाद घातला नाही. वाटी होती तिथे ठेवली आणि लक्ष ठेवायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता धनश्री मॅडम म्हणाल्या, "तुझ्या सासूबाईंना बरं आहे ना गं? काल आमच्या कॉलनीच्या मागच्या बाजूला दिसल्या. हातात वाटी होती. या दारातून त्या दारात जात होत्या." आणि त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की तोंडातला घास तोंडातच फिरायला लागला.

म्हणजे माझी सासू दारोदार मागत फिरते! मग सगळं पटापट जुळत गेलं. मी सकाळी झाकून ठेवलेली भाजी-भाकरी यांना गोड लागत नसणार. लोकांकडून चार घास आणायचे आणि बदल्यात सुनेची गाऱ्हाणी सांगायची. घरात गप्प का, तर बोलायचं ते बाहेर बोलून येतात. मला राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. गावात मास्तरीण म्हणून मान आहे माझा.

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आमच्या घरासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उभी राहिले. थोड्याच वेळात सासूबाई बाहेर पडल्या. डोक्यावर पदर, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात रिकामी वाटी. मी तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि मागे निघाले.

आधी त्या नव्या कॉलनीत गेल्या. आम्ही बघितलेल्या घराच्या शेजारच्याच बंगल्याची बेल त्यांनी दाबली. भिंतीतून आवाज आला, "काय विकायचंय? आम्हाला काही नको."

"इकायचं न्हाई बाई. वाईच विरजन पायजे हुतं."

पुढे आवाजच आला नाही. पुढच्या बंगल्यातली बाई मात्र जाळीच्या दारापर्यंत आली, गोड हसली आणि जाळीच्या फटीतून दह्याचं पाकीट तिने बाहेर दिलं. "घ्या आजी. वाटी राहू द्या तुमच्याकडेच. पुन्हा यायची काही गरज नाही." मला ती बाई फार आवडली. शेजारी असेच असावेत. द्यायचं ते द्यावं आणि दार लावून घ्यावं.

विरजणाचं काय खूळ आहे ते मात्र मला कळेना. तेवढ्यात सासूबाई फाटकाला धरून खाली बसल्या. डोकं दोन्ही हातांत धरलेलं. मी धावणारच होते, पण त्या सावरल्या, पिशवीतल्या बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि उठल्या. तेवढा सगळा वेळ बेलवरच्या कॅमेऱ्याचा निळा दिवा चालू होता. आतून कुणीतरी त्यांच्याकडे बघत होतं, पण दार काही उघडलं नाही.

तिथून त्या गावातल्या जुन्या गल्लीत गेल्या आणि आम्ही बघितलेल्या घराच्या अलीकडच्या एका ओट्यावर रोजच्यासारख्या टेकल्या. मी उभ्या टेम्पोच्या आड लपले. सासूबाईंनी पिशवीतून तीच, रेश्मा नावाची, वाटी काढली. वाटीत गूळ-शेंगदाणे होते. दिलेली वाटी त्या कधी रिकामी परत करत नाहीत.

"कशाला वो एवढं?" ओट्यावरची म्हातारी म्हणाली आणि आत वळून ओरडली, "रेश्मा, च्या ठेव गं. पुनतांब्याच्या आल्यात." मग पुन्हा सासूबाईंकडे. "आज चक्कर आल्ती का?"

म्हणजे तेही सांगून झालं होतं!

"आन सून कशी हाय?"

आता येणार गाऱ्हाणी. मी टेम्पोला चिकटून कान दिला.

"सून लई गुनाची हाय," सासूबाई म्हणाल्या. "पर तिला मानसांचं भ्या वाटतं. मोठं घर घ्यायचं म्हनती. घेऊ दे की. पर दिसभर तिथं मला ऱ्हायचंय ना बनुबाई? आमची आई पोरगी द्यायची झाली तर आधी सोयऱ्याच्या शेजारी जाऊन विरजन मागायची. शेजार कळला की घर कळतं म्हनायची. त्यांनी घर बघितलं, म्या शेजार बघती."

माझे डोळे भरून आले. मागायला नव्हे, जागा शोधायला फिरत होती ती बाई. पडली तर उचलायला कुणी येईल अशी जागा. आणि ते मला सांगायची तिला सोय नव्हती, कारण मी ऐकलंच नसतं.

"ए बये! मघाधरनं टेम्पोमागं काय करतीस?"

मी दचकले. समोरच्या दारातून एक, नळावरून दुसरी, अशा बायका गोळा झाल्या. "कुनाकडं आलीस? तोंड कशापाई बांधलंय? सोड आधी ते फडकं." मी शिक्षिका आहे म्हणाले, तर एक म्हणाली, "मागच्या चोरीतली बी अशीच म्हनत हुती." मला त्यांनी धरून ओट्यापाशी नेलं.

"तुमी वळखता का हिला?" बनुबाईंनी विचारलं.

सासूबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "न्हाई बा."

मग त्यांनाच राहवेना. तोंडाला पदर लावून त्या हसत सुटल्या. "आवं, माझी सून हाय ती. संशयी हाय, पर माझी हाय."

गल्लीभर हशा पिकला. माझे कान तापले. पण सासूबाई कॉलनीतल्या फाटकापाशी उन्हात बसल्या होत्या ते डोळ्यांसमोरून हलेना. तिथे म्हातारी घेरी येऊन बसली तरी कुणाला बाहेर यावंसं वाटलं नाही, आणि इथे धडधाकट बाईला टेम्पोमागे उभं राहू देईनात.

रेश्माने चहा आणला. दोन घोट घेतल्यावर मी कशीबशी म्हणाले, "पलीकडचं ते रिकामं घर आम्ही घेतोय. मी शाळेत असते. दुपारी आईंना एखादी हाक माराल का?"

"हाक मारून काय व्हतंय?" बनुबाई म्हणाल्या. "घेरी यून पडल्यावर त्या काय ओ देनार हायेत का? दाराची एक किल्ली माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."

माझ्या घराची किल्ली, परक्या बाईकडे! ही आत येणार, माझा फ्रीज उघडून बघणार, कपाटातल्या साड्या मोजणार आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगणार, याची मला खात्री होती. अजूनही आहे.

"दोन ठेवा," मी म्हणाले. "एक हरवली तर?"