टकटक ऐकणारी गर्दी

त्या गल्लीत एक शब्द मोठ्याने उच्चारायचा नाही, हे कंपालातलं शेंबडं पोरही जाणतं. फसवलंस म्हण, लुच्चा म्हण, तुझ्या आईने तुला काय शिकवलं ते विचार; पण ‘चोर’ म्हणू नकोस. तो शब्द एकदा सुटला की बोलणाऱ्याचा राहत नाही, रस्त्याचा होतो.

कियिंबा तो शब्द बोलला. भर दुपारी, टॅक्सीतळाच्या वरच्या अंगाला, दुरुस्तीच्या टपऱ्यांच्या गल्लीत, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ओथियेनोची कॉलर धरून. आणि त्याची सेंगा, म्हणजे बापाची सख्खी बहीण नाबोसा, शेजारीच कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर हात ठेवून उभी होती.

कॉम्प्युटर नाबोसाच्या घरचा. तिच्याकडे राहणारा हा भाचा लग्नांची शूटिंग करायचा आणि त्याच यंत्रावर व्हिडिओ कापून जोडायचा. जुनं यंत्र त्याला पुरेना. मग ओथियेनोकडून त्याने नवा मदरबोर्ड घालून घेतला, मेमरी वाढवून घेतली, विटेएवढं जाड ग्राफिक कार्ड बसवून घेतलं. हार्ड डिस्क तेवढी जुनी ठेवली, कारण त्या डिस्कमध्ये नाबोसाच्या बायका होत्या.

ती त्यांना ‘माझ्या बायका’च म्हणायची. रेडिओत नोकरीला असताना खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून ती लुवेरोकडची गावं हिंडली होती. केळीच्या बागेत चटई टाकून म्हाताऱ्या गायच्या: जुळी झाल्याची गाणी, जावयाच्या थट्टेची गाणी, मेलेल्याला मारलेल्या हाका. एकीला दात नव्हते, ती टाळ्यांनीच गायची. पुढे लढाई आली. त्या बायका, त्या बागा, काही उरलं नाही. कॅसेटी शहरात होत्या म्हणून वाचल्या. म्हातारपणी नाबोसाने त्या एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या, आणि मग कॅसेटींची पेटी वाळवीने खाल्ली.

“दुसरीकडेही उतरवून ठेव रे,” ती म्हणायची.

“ठेवतो, सेंगा,” कियिंबा म्हणायचा.

नवं यंत्र घरी आल्यापासून डिस्क आजारी पडली. सुरू व्हायचं सगळं नीट. कियिंबाने लग्नाचा व्हिडिओ उघडला की पंखा घोंगावायचा, आणि आतून टक, टक, टक. चित्र थिजायचं आणि डिस्कच गायब. त्याने केबल बदलली. दुसऱ्या खाचेत खोचली. भिंतीतला प्लग बदलला. टकटक तशीच.

नाबोसा पडद्याकडे बघायचीच नाही. जन्मभर तिने आवाज ऐकले होते, ती कान लावून बसायची. “पंखा चढला की मगच टकटकते. ते नवं कार्ड काढून बघ ना.”

“सेंगा, कार्ड कोरं करकरीत आहे. नव्यात खोट कशी असेल? खोट असते ती जुन्यात.” आणि बोलता बोलताच त्याच्या डोक्यात किडा शिरला. “पण ही आपलीच जुनी आहे कशावरून? त्याने बदलली असेल. चांगली काढून घेतली, मेलेली बसवली.”

“माझी लाल नेलपॉलिशची खूण आहे तिच्यावर.”

“नेलपॉलिश काय फक्त तुझ्याच घरी असते?”

म्हणून ते दोघं गल्लीत आले होते. ओथियेनो पूर्वेकडचा, टोरोरोचा. गांडा भाषा बोलायचा, पण त्यात त्याचं गाव ऐकू यायचं. त्याने भांडण केलं नाही. डिस्क कॅबिनेटमधून काढली, आपल्या बाकड्यावरच्या मोठ्या पॉवर सप्लायला आणि स्वतःच्या यंत्राला जोडली. डिस्क गुणगुणत फिरली. पडद्यावर नाबोसाचे कप्पे उघडले, गावांच्या नावांसकट.

“बघा,” ओथियेनो हसून म्हणाला, “ठणठणीत आहे.”

त्या हसण्याने घात केला.

“घरी मेलेली आणि तुझ्या हातात जिवंत?” कियिंबा म्हणाला. “कॅबिनेटमधून काढताना हातचलाखीने अस्सल परत जोडलीस होय? चोर.”

कुणी धावत आलं असं नव्हे. माणसं जणू तिथेच होती आणि त्या शब्दाने दिसायला लागली. अंडा-चपातीवाला तवा चुलीवर तसाच टाकून आला. पहिली वीट खांद्यावर बसली, दुसरी कानावर, आणि ओथियेनोचा कान अर्धा लोंबायला लागला. त्याला टपरीतून ओढून गटाराच्या कडेला आणलं. त्याने डोकं वाचवायला हात वर केले, तर एकाने चाकाचा पाना त्या हातांवरच घातला. बोटं मोडल्याचा आवाज नाबोसाला स्पष्ट ऐकू आला. सुकी काटकी मोडावी तसा, पण ओला.

“माझीच डिस्क आहे. माझी खूण आहे तिच्यावर,” ती सांगत होती. कुणाचं लक्ष नव्हतं. तिने कियिंबाला हलवलं. “बोल ना, मेल्या. चुकलो म्हण.” कियिंबा भिंतीला टेकून उभा होता, ओठ पांढरे झाले होते.

गर्दी दुभंगली आणि मुत्याबा आला. मोटारसायकलवर माणसं वाहणारा, नाक्यावरच्या सगळ्या पोरांचा म्होरक्या. त्याच्या खांद्यावर जुना टायर होता, दुसऱ्या हातात बाटली. पेट्रोलचा वास बाटलीच्या आधी पोचला.

“टोरोरोवाले पाहुणे,” तो म्हणाला, “मान वर करा. हार घालायचा आहे.”

लोक हसले. टायर ओथियेनोच्या गळ्यात पडला. पायघोळ गोमेसी सावरत नाबोसा मधे घुसली.

“बाजूला व्हा, न्याबो,” मुत्याबा तिला म्हणाला, अगदी आदराने, बाईसाहेब म्हणावं तसं. “तुमची गोमेसी खराब होईल.”

लढाईच्या दिवसांत एका नाक्यावर सैनिकांनी बस थांबवली होती. पुढच्या तिघांना खाली उतरवून रस्त्याकडेला बसवलं आणि तिथेच मारलं. चौथी नाबोसा. ती खाली उतरली आणि बंदूकवाल्या पोराची तिने विचारपूस सुरू केली, आई शिकवते तशी, सावकाश, एकही पायरी न गाळता. पोराला उत्तरं द्यावी लागली. उत्तरं संपेपर्यंत त्याचा हात खाली आला होता.

तिने आता हात जोडल्यासारखे पोटाशी धरले आणि मुत्याबाच्या डोळ्यांत बघितलं.

“दिवस कसा गेला, सेबो?” मोठ्या माणसाला साहेब म्हणावं तसं तिने विचारलं.

मुत्याबा चपापला. म्हातारीने आधी विचारावं आणि आपण मागे राहावं, याची चारचौघांत लाज असते. “बरा गेला, न्याबो. तुमचा कसा गेला?”

“बरा. कष्ट करतोस, बरं करतोस.”

“तुम्हीही करता, न्याबो.”

“घरची मंडळी कशी आहेत?”

“आहेत बरी. तुमच्याकडची?”

“आहेत. आई आहे का?”

“आहे.”

“हं.”

“हं,” मुत्याबा म्हणाला. बाटली त्याच्या हातात तिरकी होऊन गळत होती. मागची पोरंही गप्प झाली. विचारपूस चालू असताना मधे कोण बोलणार?

“बाळा, एक सांग,” नाबोसा त्याच संथपणे म्हणाली. “याच्या बाकड्यावर डिस्क चालली म्हणून हा चोर ठरला. होय ना?”

“होय. पकडला गेल्यावर चांगली परत जोडली.”

“ती अजून बाकड्यावरच आहे. तुझ्या हाताने उचल. आमच्या कॅबिनेटमध्ये तुझ्याच हाताने लाव. तीच चांगली डिस्क आमच्या खोक्यात गेल्यावर टकटकली, तर खोट खोक्यात आहे. मग चोरी कसली?”

ओथियेनो गटाराच्या कडेवरून बोलला. तोंडात रक्त असल्यामुळे शब्द फुगून येत होते. “नको, न्याबो. घरी बरेच हिसके बसलेत तिला. आता आणखी एक बसला तर परत उठायची नाही.”

“ऐकलंय मी तिला,” नाबोसा म्हणाली. “तू तार कुठे लावायची तेवढं सांग त्याला.”

मुत्याबाने बाटली एकाला धरायला दिली, पँटला हात पुसले आणि डिस्क उचलली. लाल खुणेवर अंगठा फिरवून बघितला. टायर गळ्यात घेऊन ओथियेनो सांगत होता, “रुंद तार. उलटी नको, सुलटी. हं, दाब.” नाबोसाने बाकड्यावरचा पडदा कॅबिनेटला जोडला. त्या दिवशी वीज होती. कियिंबाला दोघांनी ढकलत आणलं. त्याने कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ उघडला.

नवरी पायऱ्या उतरत होती. पंखा घोंगावायला लागला. नाबोसाने बोट ओठांवर ठेवलं, आणि विटा हातात घेतलेल्या त्या सगळ्या माणसांनी श्वास रोखला.

टक.

नवरीचा चेहरा अर्ध्यावर थिजला.

टक. टक. टक. मग धातूवर नखं ओढल्यासारखा बारीक, लांब आवाज. नाबोसाने डोळे मिटले. दात नसलेली ती म्हातारी टाळ्या वाजवत तिच्या मनात येऊन गेली. मग काहीच ऐकू आलं नाही.

“मेली,” चपातीवाला हळूच म्हणाला.

“नवं कार्ड ताकद ओढून घेतं,” नाबोसा म्हणाली. “हिच्या वाट्याला उरत नाही. आता पटलं?”

मुत्याबाने वाकून ओथियेनोच्या गळ्यातला टायर काढला, एखाद्याची टोपी काढावी तसा. ओथियेनो गुडघ्यांवर रांगत टपरीच्या उंबऱ्यापर्यंत गेला.

“म्हणजे हा चोर नाही,” मुत्याबा म्हणाला.

“नाही.”

“मग चोर म्हणालं कोण?”

मागून कुणीतरी म्हणालं, “टायर काय आता घरी न्यायचा?” आणि हशा पिकला. हसत हसतच कियिंबाच्या पोटात पहिली लाथ बसली. तो वाकला, तसा पाना त्याच्या पाठीत उतरला. नाबोसा त्याच्यावर आडवी पडली. तिच्या कपाळावर दगड लागला, डोळ्यात कोमट काहीतरी ओघळलं, आणि आपली विचारपूस आता संपली, दुसरी सुरू करता यायची नाही, हे तिला कळलं. एकाच माणसाला एका दुपारी दोनदा कसं विचारणार?

तेवढ्यात तिच्या गोमेसीचा कमरपट्टा कुणीतरी मागून ओढला. ओथियेनो. डाव्या हाताने, सगळं अंग मागे टाकून तो ओढत होता. “आत घ्या त्या गाढवाला,” तो म्हणाला. दोघांनी मिळून कियिंबाला उंबऱ्याच्या आत फरफटवलं, आणि ओथियेनो पत्र्याच्या शटरला अक्षरशः लोंबकळला. ते खाली आदळलं. बाहेरून त्यावर विटा बसायला लागल्या.

आत अंधार होता. नाबोसाने डोक्याचं फडकं फाडून ओथियेनोच्या कानाला बांधलं, मग आपल्या कपाळाला.

“का घेतलंस त्याला आत?” तिने विचारलं.

“दारात माणूस जळला की गिऱ्हाईक फिरकत नाही, न्याबो,” ओथियेनो म्हणाला. मग कानाचं फडकं दाबत, “तो वास मला ठाऊक आहे. समोरच्या कोपऱ्यावर झालंय एकदा.”

कियिंबा कोपऱ्यातून बोलला. “सेंगा. याने मला सांगितलं होतं. एवढं कार्ड घालतोस तर पॉवर सप्लायही मोठा घे म्हणाला होता. मी म्हटलं, नंतर बघू.”

“आणि याची बोटं मोडत होते तेव्हा?”



नाबोसाने अंधारात त्याचा चेहरा चाचपून शोधला आणि सगळ्या ताकदीनिशी थोबाडीत मारली. मग दुसऱ्या गालावर. तिसऱ्यांदा उगारलेला हात ओथियेनोने धरला. “राहू द्या. आज पुरे झालं सगळ्यांना.”

पोलिसांची गाडी आली, शिट्ट्या झाल्या, पळापळ झाली. दिवस कलता कलता शांत झाल्यावर कियिंबाने शटर उचललं. उजेडात ओथियेनोने डाव्या हाताने डिस्क काढली आणि बाकड्यावरच्या मोठ्या सप्लायला लावून बघितली. नाबोसाने कान टेकवला. आत काहीच फिरत नव्हतं.

“अजून कोमट आहे,” ती म्हणाली आणि तिने ती ओच्यात घेतली.

रस्त्यावर विटा पसरल्या होत्या. टायर गटाराकाठी पडला होता. चपातीवाला जळलेला तवा खरवडत होता. कियिंबा ओथियेनोला इस्पितळात न्यायला गाडी शोधत उभा होता. एकही मोटारसायकलवाला त्याच्यासाठी थांबेना.

शेवटी एक मोटारसायकल थांबली. मुत्याबा उतरला, टायर उचलून त्याने मागे बांधला, चिखल झटकला. मग नाबोसासमोर येऊन टोपी काढून वाकला. या वेळी आधी विचारायचा मान त्याने चुकवला नाही.

“दिवस कसा गेला, न्याबो?”

समज आल्यापासून नाबोसाने कुणाची विचारपूस अर्ध्यावर सोडली नव्हती. बंदूकवाल्याचीही नाही, सवतीचीही नाही. मुत्याबा वाकून थांबला. चपातीवाल्याचा हात तव्यावर थबकला. सगळी गल्ली तिच्या उत्तराची वाट बघत होती.

नाबोसाने ओच्यातली डिस्क घट्ट धरली, ओथियेनोच्या काखेत हात घातला, आणि त्याला घेऊन ती पायीच उतार उतरू लागली.